समवयस्कांचे सांत्वन

घरावर मोठे संकट कोसळते, मग ते मृत्यूचे असो, वडिलांच्या व्यसनाचे असो की आईवडिलांच्या फारकतीचे असो, तेव्हा वडीलधारी मंडळी सर्वांत आधी जी तजवीज करतात ती मुलांना त्या संकटापासून दूर ठेवण्याची असते. त्यांना शेजारच्या घरी जेवायला बसवले जाते, चार दिवस मामाच्या गावी धाडले जाते, ‘बाबा देवाघरी गेले’ एवढ्या तीन शब्दांत साऱ्या प्रसंगाचा निकाल लावला जातो, आणि मूल रडत नाही, हट्ट करत नाही, पूर्वीसारखेच जेवते-खेळते असे दिसले म्हणजे ‘लहान आहे, त्याला काय कळते’ असा निःश्वास टाकला जातो. या वागण्यामागे माया असते यात तिळमात्र शंका नाही. परंतु मुलाला जे कळायचे ते कळलेलेच असते. आपण प्रश्न विचारला की आईच्या डोळ्यांना पाणी येते, आजी विषय बदलते आणि काका उठून अंगणात जातात, हे ते पाहते. आणि आईला पुन्हा रडू येऊ नये एवढ्यासाठी आपले दुःख आपल्यापाशीच ठेवण्यास शिकते. दहा-बारा दिवसांनी ते शाळेत परतते तेव्हा तेथेही हाच प्रकार घडतो. गुरुजी दयाळूपणाने काही विचारत नाहीत, सोबती संकोचाने काही बोलत नाहीत, आणि साऱ्या वर्गात असे दुर्दैव आपल्या एकट्याच्याच वाट्याला आले आहे, तेव्हा आपल्यातच काही तरी न्यून असले पाहिजे, ही समजूत त्या कोवळ्या मनात घर करून बसते.

या एकाकीपणावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत निरनिराळ्या देशांत जो एक उपाय करून पाहण्यात आला, आणि ज्याचा परिचय आपल्याकडील सामान्य पालकांस अद्याप पुरेसा झालेला नाही, तो म्हणजे समवयस्क मुलांचे आधारगट. अशा गटाची रचना वरवर पाहता अगदी साधी असते. साधारण एकाच वयाची आणि एकाच प्रकारच्या अनुभवातून गेलेली आठ-दहा मुले ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, तास-दीड तास एकत्र बसतात. सोबत या कामासाठी शिकवून तयार केलेली एक-दोन प्रौढ माणसे असतात. बोलावेसे वाटेल त्याने बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, एवढाच तेथील रिवाज. तेथे धडा नसतो, परीक्षा नसते, उपदेश नसतो. मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्याची जागा ही संस्था घेऊ शकत नाही आणि तिने ती घेऊही नये. पण दवाखान्याची पायरी चढण्याइतकी आजारी नसलेली, तरीही आतून खचलेली जी असंख्य मुले असतात त्यांना येथे आसरा मिळतो, आणि ज्यांना औषधोपचाराची खरोखर निकड असते ती वेळीच नजरेस येतात.

या कल्पनेचा एक ठळक उगम अमेरिकेत सापडतो. मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांनी एकमेकांना हात द्यावा या हेतूने १९३५ साली ओहायओ राज्यातील ॲक्रन या गावी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ सुरू झाली, आणि मद्यपींच्या पत्नींची व इतर आप्तांची ‘अल-अनॉन’ ही संघटना १९५१ साली उभी राहिली. परंतु त्याच घरांत रात्री जागे राहून बापाच्या पावलांचा कानोसा घेणाऱ्या मुलांचे काय, या प्रश्नाची दखल मोठ्यांपैकी कोणी घेतली नव्हती. ती १९५७ साली कॅलिफोर्नियातील सतरा वर्षांच्या एका मुलाने घेतली. त्याचे वडील पहिल्या संघटनेत जात होते आणि आई दुसऱ्या संघटनेत. दोघांच्या स्वभावात पडलेला फरक पाहून त्याने आपल्यासारख्याच घरांतील आणखी काही मुले जमवली, आणि त्यातून किशोरांसाठी ‘अलाटीन’ या नावाने ओळखले जाणारे गट निघाले. या गटांत मुलांना जी गोष्ट पुन्हा पुन्हा उमगते ती अशी, की आईबापांचे व्यसन आपण निर्माण केलेले नाही, त्याला आळा घालणे आपल्या हाती नाही आणि ते बरे करण्याची जबाबदारीही आपली नाही. आपण नीट अभ्यास केला असता, उलट बोललो नसतो, तर बाबा प्याले नसते, अशा अपराधभावनेखाली दबलेल्या बारा-तेरा वर्षांच्या जीवाला ही उमज म्हणजे केवढी मोठी सुटका आहे, हे ज्याने असे घर जवळून पाहिले असेल त्याला सांगावे लागत नाही. आपल्याकडे १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या केंद्राने व्यसनी माणसाबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचाराच्या कक्षेत घेतले, त्यामागील विचार याच जातकुळीचा होता.

मृत्यूने पोरक्या झालेल्या मुलांच्या बाबतीत हाच मार्ग ज्या संस्थेने विलक्षण निष्ठेने प्रशस्त केला तिची हकीकत तर फारच हृद्य आहे. डगी नावाच्या एका लहान अमेरिकन मुलाला मेंदूत गाठ झाली होती. मरणासन्न माणसांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या सुप्रसिद्ध डॉक्टर एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांना त्याने पत्र लिहून जीवनमरणाविषयीचे आपले प्रश्न सरळ विचारले, आणि १९७८ साली त्या विदुषीने रंगीत चित्रे काढून त्याला सविस्तर उत्तर धाडले. पुढे उपचारासाठी तो ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी आला असता बेव्हर्ली चॅपेल या परिचारिकेशी त्याचा स्नेह जडला. रुग्णालयातील इतर आजारी मुलांशी हा मुलगा मृत्यूविषयी किती मोकळेपणाने बोलतो आणि ती मुलेही त्याच्यापाशी किती सहज मन उघडे करतात, हे त्या बाईंनी पाहिले. मोठी माणसे ज्या विषयाला बगल देत होती तो विषय मुले आपापसांत शांतपणे हाताळीत होती. १९८१ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, डगी गेला. आणि १९८२ साली चॅपेल यांनी आपल्या राहत्या घरी मोजक्या मुलांना घेऊन शोकग्रस्त बालकांचा गट सुरू केला. तोच आज ‘डगी सेंटर’ या नावाने जगविख्यात आहे, आणि त्याच्या धर्तीवर देशोदेशी शेकडो संस्था चालत आहेत.

तेथील कामाची पद्धत तपशिलाने समजून घेण्यासारखी आहे. मुलांचे गट वयानुसार पाडलेले असतात, आणि त्यातही आई किंवा वडील गमावलेली, भावंड गमावलेली, आत्महत्येने आप्त गमावलेली, अशी मृत्यूच्या स्वरूपानुसार वेगळी व्यवस्था असते. कारण ज्याच्या पित्याने स्वतः जीव दिला त्या मुलाच्या मनातील लज्जा आणि संताप, दीर्घ आजाराने आई गेलेल्या मुलाच्या दुःखाहून निराळा असतो. पंधरवड्याला एकदा गट भरतो आणि त्यासाठी कुटुंबाकडून पैसे घेतले जात नाहीत. आरंभी सारी वर्तुळात बसतात. प्रत्येकजण आपले नाव, वय, आपले कोण गेले आणि कशाने गेले एवढे सांगतो, आणि ज्याला सांगायचे नसेल त्याला आपली पाळी पुढे जाऊ देण्याची पूर्ण मुभा असते. बोलण्याची सक्ती नाही, हा त्या घराचा मूळ कायदा होय. त्यानंतर मुलांना खेळायला सोडतात. आणि खेळ हीच बालकाची भाषा असल्यामुळे तेथील खोल्याही त्या हिशेबाने सजवलेल्या असतात. एका खोलीच्या भिंतींना मऊ गाद्या लावलेल्या आहेत. तिला ज्वालामुखीची खोली म्हणतात, आणि तेथे उशा बडवाव्यात, किंचाळावे, अंग टाकून द्यावे. दुसरीकडे रुग्णालयाचा देखावा आहे. तेथे वडिलांना शेवटचे पाहिले तो प्रसंग मूल दहा वेळा खेळते, आणि कधी कधी त्याचा शेवट बदलून पाहते. उपस्थित प्रौढांपैकी बहुतेकजण प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात. ते मुलाला ‘रडू नकोस’ असे सांगत नाहीत, त्याच्या बोलण्याचा अर्थही लावून दाखवत नाहीत, मूल जे बोलले तेच सौम्यपणे त्याला परत ऐकवतात, म्हणजे आपले ऐकले जात आहे याची त्याला खातरी पटते. त्याच वेळी शेजारच्या दालनात त्या मुलांच्या हयात पालकांचाही गट बसलेला असतो. कारण घरी परतल्यावर त्या मुलाशी बोलायचे ते त्यांनाच.

आता असा प्रश्न सहज उद्भवतो, की आईची माया, गुरूचे ज्ञान आणि वैद्याचे कौशल्य यांनी जे साधत नाही ते आठ-दहा अजाण मुलांच्या संगतीत कसे साधावे? याचे उत्तर वयाच्या समतेत आहे. मोठा माणूस मुलाला धीर देतो तेव्हा तो कितीही प्रेमळ असला तरी वरून खाली बोलत असतो. तो तरून गेला आहे, मूल अद्याप पाण्यात आहे, आणि हे अंतर दोघांनाही जाणवते. उलट त्याच्याच इयत्तेतील दुसरा मुलगा जेव्हा ‘माझेही असेच झाले होते’ असे म्हणतो, तेव्हा त्या चार शब्दांत एक साक्ष असते आणि ती कोणत्याही सांत्वनपर भाषणाहून अधिक विश्वसनीय असते. रात्री झोप न येणे, गेलेल्या बापाचा राग येणे, बाप मेला असता आपण क्रिकेट खेळलो आणि आपल्याला मजा आली याची शरम वाटणे, या ज्या गोष्टी मूल स्वतःच्या विकृतीची लक्षणे समजत होते, त्या इतरांनाही होतात असे कळताच त्यांचे स्वरूप पालटते. लाज होती तेथे केवळ दुःख उरते, आणि दुःख सहन करता येते. शिवाय, ज्याला केवळ कीव मिळत होती त्याला येथे दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचा मान मिळतो. सहा महिन्यांपूर्वी तोंडातून अवाक्षर न काढणारी मुलगी जेव्हा नव्याने आलेल्या, दाराशी घुटमळणाऱ्या लहानग्याला आपल्या शेजारी बसवून घेते, तेव्हा तिची स्वतःविषयीची कल्पनाच बदललेली असते.

परंतु या संस्थेचे गुण गाताना तिच्यातील धोके झाकून ठेवणे हा वाचकांशी आणि मुलांशीही अप्रामाणिकपणा ठरेल. मुलांना एकत्र बसवले म्हणजे आपोआप भले होते, हा समज इतिहासाने खोटा ठरवलेला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ साली केंब्रिज आणि सॉमरव्हिल येथील सुमारे पाचशे मुलांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना वर्षानुवर्षे मार्गदर्शन, शिकवणी आणि उन्हाळी शिबिरे यांचा लाभ देण्यात आला आणि निम्म्यांना देण्यात आला नाही. तीस वर्षांहून अधिक काळाने जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी त्या मुलांचा माग काढला तेव्हा असे आढळले, की लाभार्थी मुले इतरांहून अधिक सुखी झाली नव्हती, काही बाबतींत तर त्यांची अवस्था अधिक वाईट होती. आणि पुढील पृथक्करणात ही हानी मुख्यतः वारंवार शिबिरांना पाठवलेल्या मुलांत एकवटलेली दिसली. बंडखोर मुले एकत्र आली आणि जाणत्या माणसाची नजर ढळली, की ती परस्परांच्या बंडखोरीला हसून दाद देतात आणि तीच शिकतात, असा याचा इत्यर्थ आहे. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. ॲमंडा रोझ यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की जिवलग मैत्रिणी एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसल्या तर त्यांचे सख्य वाढते हे खरे, पण त्याबरोबर उदासीनतेची लक्षणेही वाढलेली आढळतात. तेव्हा दुःख बोलून दाखवणे आणि दुःखात घोळत राहणे यांतील सीमा ओळखणारे कोणी तरी त्या वर्तुळात असावेच लागते.

तिसरा धोका आधार देणाऱ्या मुलाचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. पंधरा वर्षांच्या मुलीला तिची मैत्रीण ‘कुणाला सांगू नकोस’ असे बजावून जीव देण्याचा विचार सांगते, तेव्हा ते गुपित पोटात ठेवणे म्हणजे निष्ठा, असे त्या मुलीला प्रामाणिकपणे वाटते. आणि पुढे काही विपरीत घडले तर त्या निष्ठेचे ओझे तिला जन्मभर वाहावे लागते. म्हणून चांगल्या गटात पहिल्याच दिवशी स्पष्ट ताकीद असते, की येथील बोलणे बाहेर जाणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी कुणावर अत्याचार करत असेल, तर ते जबाबदार प्रौढाला सांगितलेच पाहिजे. आपल्याकडे तर बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच केले आहे. अमेरिकेत ‘सोर्सेस ऑफ स्ट्रेंग्थ’ या नावाने चाललेल्या शालेय उपक्रमात विद्यार्थिप्रमुखांना समुपदेशक बनवण्याचा खटाटोप मुळीच करत नाहीत. संकटातील मित्राला विश्वासू प्रौढापर्यंत पोचवणे एवढेच त्यांना शिकवतात. अठरा विद्यालयांत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मोठ्या शाळांतील अशा प्रशिक्षित मुलांकडून आत्महत्येच्या विचारात असलेल्या मित्राची खबर प्रौढांना दिली जाण्याचे प्रमाण इतरांच्या चौपट आढळले. विहिरीत पोरे पोहत असताना काठावर एक जाणता पोहणारा उभा असावा, त्याने उगाच पाण्यात उतरून त्यांचा खेळ मोडू नये आणि नजरही हटवू नये, तसे या गटांतील प्रौढाचे स्थान आहे.

आपल्या देशात या विचाराला सरकारी मान्यता मिळालेली आहे, हे अनेकांस ठाऊक नसते. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी जे सहा विषय नेमले आहेत त्यांत मानसिक आरोग्याचा समावेश आहे. गावातील आशा सेविकेच्या क्षेत्रात दोन मुलगे व दोन मुली यांची ‘साथिया’ म्हणून निवड व्हावी, त्यांतील प्रत्येकाने पंधरा-वीस जणांचा गट बांधून आठवड्याला तास-दोन तास बैठक घ्यावी, आणि अवघड प्रसंगी सोबत्याला किशोरांसाठीच्या आरोग्य केंद्राकडे, म्हणजे महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने चालणाऱ्या केंद्राकडे न्यावे, अशी ती योजना आहे. कागदावर तिच्यात उणे काढण्यासारखे थोडे आहे. परंतु कारभाराचा स्वभाव असा, की जे मोजता येते त्याचा पाठपुरावा होतो. लोहाच्या निळ्या गोळ्या किती वाटल्या याला नोंदवहीत रकाना असतो, पण एखाद्या मुलाने वर्षभराने प्रथमच तोंड उघडले याची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

या कामाची निकड मात्र आकड्यांनीही सिद्ध होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्क्यांना मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि आपल्याकडे लाख लोकसंख्येमागे पुरता एक मनोविकारतज्ज्ञही नाही. तेव्हा दवाखाने वाढेपर्यंत मुलांनी वाट पाहावी असे म्हणणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे होय. याच विवंचनेतून, गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील पंचाहत्तर सरकारी शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. त्यात मुलांचे समवयस्क गट होते, मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी होती, भित्तिपत्रक होते आणि एकट्याने भेटून बोलण्याची सोयही होती. काही शाळांत हे काम शिक्षकांकडे सोपवले आणि काहींत त्यासाठी नेमलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाकडे. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसून आले, की समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई आणि उदासीनता घटली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. यात शिक्षकांची निंदा नाही. ज्याच्या हाती गुणपत्रिका आणि शिस्तीचा अंमल आहे त्याच्यापाशी मन उघडे करणे मुलाला जड जाते, आणि आधीच अनेक कामांनी वाकलेल्या गुरुजींवर आणखी एक काम लादले तर ते नीट होत नाही, एवढाच धडा मी त्यातून घेतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर समान दुःखाने बांधलेल्या मुलांचा एक मोठा समुदाय आपल्या डोळ्यांसमोर आहे. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली म्हणजे पंचनामा होतो, प्रकरण तहसील कचेरीतून वर जाते, ते पात्र की अपात्र याचा निर्णय होतो, आणि पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य मंजूर होते. कोविडच्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे राज्य शासनाने २०२१ साली पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. हे साहाय्य आवश्यक होते आणि योग्यही होते. परंतु गोठ्यात किंवा शेतात बापाचा देह ज्याने प्रथम पाहिला त्या मुलाच्या मनाचा पंचनामा कोणत्याही दफ्तरात होत नाही. एकाच तालुक्यात अशी दहा-पंधरा मुले असतात, कधी तर एकाच बसने शाळेला जातात, आणि परस्परांच्या दुःखाची पुसटशी कल्पना असूनही त्याविषयी एकमेकांशी कधी बोलत नाहीत, कारण बोलण्यास जागा आणि परवानगी त्यांना कोणी दिलेलीच नसते.

ती जागा निर्माण करण्यास फार मोठा निधी लागत नाही. शाळेतील किंवा वाचनालयातील एक खोली आठवड्यातून तासभर मोकळी हवी. मुलांना गुण देणे ज्यांच्या हाती नाही अशी, रीतसर प्रशिक्षण घेतलेली दोन माणसे हवीत, आणि त्यांची निवड करताना पूर्वचारित्र्याची कसून चौकशी झालेली हवी. मुलांचा बिनसक्तीचा होकार आणि पालकांची संमती हवी. जवळच्या मनोविकारतज्ज्ञाशी किंवा ‘मैत्री’ केंद्राशी अगोदरच बोलून ठेवलेले हवे. आणि ‘टेलि-मानस’चा १४४१६ व बालकांच्या मदतीचा १०९८ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले हवेत. मुख्य म्हणजे सातत्य हवे. उद्घाटनाला मंत्री आणि तिसऱ्या आठवड्यात कुलूप, असा प्रकार होणार असेल तर तो उपक्रम न केलेला बरा. कारण ज्या मुलाला एक मोठा माणूस अचानक सोडून गेला आहे त्याला मोठ्यांनी दुसऱ्यांदा सोडून जाणे हा दुहेरी घात आहे. पालकांनीही एक भीती मनातून काढून टाकावी. घरातील गोष्ट बाहेर जाईल, चारचौघांत शोभा होईल, या धाकाने आपण मुलांना गप्प करतो. पण गप्प केलेले दुःख नाहीसे होत नाही, ते अभ्यासातील दुर्लक्षाच्या, पोटदुखीच्या, चिडखोरपणाच्या किंवा व्यसनाच्या रूपाने पुन्हा दारात येते, आणि तेव्हा त्याचा मूळ पत्ता कुणाला आठवत नाही.

आपल्या समाजाने मुलांना धीराने वागण्याचा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. त्या उपदेशात वाईट काही नाही, पण धीर ही एकट्याने कमावण्याची वस्तू नाही. तो माणसाला माणसाकडून मिळतो, आणि लहान माणसाला तो पुष्कळदा दुसऱ्या लहान माणसाकडूनच मिळतो. ते सोबती त्याला गाठून देणे, त्यांची बैठक सुरक्षित ठेवणे आणि त्यांच्या खांद्यांना न पेलणारा भार वेळीच आपल्या खांद्यावर घेणे, हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. आणि ते पार पाडण्यास लागणारी खोली, वेळ आणि चार समंजस माणसे आपल्या प्रत्येक मोठ्या गावात आज हजर आहेत.